न्यूटोनियन दुर्बिणीचं कोलिमेशन: आरसे जुळवायचे कसे आणि थांबायचं कुठे

गुरूचे पट्टे पुसट दिसतात. चंद्रावरच्या विवरांच्या कडा फोकसचं चाक कितीही फिरवलं तरी धारदार होत नाहीत. ताऱ्याचं टिंब होण्याऐवजी त्याला एका बाजूला धूमकेतूसारखी शेपूट फुटते. अशा वेळी संशय बहुतेक वेळा आरशाच्या दर्जावर जातो, पण दोष सहसा आरशांच्या जुळणीत, म्हणजे कोलिमेशनमध्ये असतो. परावर्तक दुर्बीण कारखान्यातून जुळवून आली तरी कुरिअरच्या प्रवासात तिचे आरसे हलतात. नंतर ती गाडीत घालून अंधाऱ्या जागी नेली की पुन्हा हलतात. आपल्याकडच्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांबद्दल वेगळं सांगायला नको.

हा लेख न्यूटन पद्धतीच्या दुर्बिणीसाठी आहे: नळीच्या तळाशी अंतर्गोल मुख्य आरसा, वरच्या तोंडाजवळ ४५ अंशांत बसवलेला छोटा सपाट दुय्यम आरसा आणि बाजूला फोकसर, म्हणजे आयपीस (डोळा लावायचं भिंग) बसवायची आत-बाहेर सरकणारी नळी. उदाहरणासाठी ८ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवर ठेवलेली न्यूटन पद्धतीची दुर्बीण, घेतली आहे. तिच्या आरशाचा व्यास २०३ मिमी, नाभीय अंतर १२०० मिमी, म्हणजे एफ-गुणोत्तर (नाभीय अंतर भागिले व्यास) जवळपास एफ/६. ११४, १३० किंवा १५० मिमीच्या दुर्बिणींना पायऱ्या त्याच लागू पडतात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या कार्यशाळांमध्ये आरसा घासून बनवलेल्या किंवा घरी प्लायवूडमध्ये बसवलेल्या दुर्बिणींनाही त्याच.

आधी चूक किती चालते ते पाहू

अंतर्गोल परवलयाकार आरसा फक्त आपल्या अक्षावरच निर्दोष प्रतिमा देतो. अक्षापासून बाजूला गेलं की कोमा नावाचा दोष सुरू होतो, आणि ताऱ्याला फुटणारी शेपूट त्याचीच. अक्षाभोवतीच्या ज्या छोट्या वर्तुळात हा दोष डोळ्याला खटकत नाही, त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये साधारण ०.०२२ गुणिले एफ-गुणोत्तराचा घन एवढा असतो. एफ/८ ला हे वर्तुळ ११ मिमीचं येतं, एफ/६ ला पावणेपाच मिमीचं, एफ/५ ला पावणेतीन मिमीचं आणि एफ/४ ला जेमतेम १.४ मिमीचं. आयपीसचा मध्य या वर्तुळात आणून ठेवणं हे कोलिमेशनचं मुख्य काम.

यात घन आहे, हे विसरू नका. एफ/८ ची जुनी लांब दुर्बीण ओबडधोबड जुळणीवरही छान दिसते, तर एफ/४ ची आखूड दुर्बीण आरशाला नुसता धक्का लागला तरी बिघडते. त्यामुळे मित्राच्या दुर्बिणीला वर्षभर हात लावावा लागला नाही म्हणून आपल्यालाही लागणार नाही, असं गृहीत धरू नये.

जुळणीत तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांचं महत्त्व सारखं नाही. पहिली म्हणजे दुय्यम आरशाची जागा. ती चुकली तर प्रकाश थोडा वाया जातो आणि दृश्याची एक बाजू किंचित अंधारी होते, पण धारदारपणा जात नाही. दुसरी, फोकसरचा अक्ष मुख्य आरशाच्या मध्यावर रोखलेला असणं. तो चुकला तर दृश्याचा एक काठ फोकसमध्ये असताना दुसरा काठ बाहेर राहतो. तिसरी, मुख्य आरशाचा अक्ष फोकसरच्या मध्यावर रोखलेला असणं. ग्रह, चंद्र, जोडतारे कसे दिसणार ते या तिसऱ्या गोष्टीवर ठरतं. नवखी माणसं दोन तास दुय्यम आरशाशी झटतात आणि थकून मुख्य आरशाला दोन मिनिटं देतात. वेळेची वाटणी याच्या उलट हवी. दुय्यम आरसा एकदा नीट बसला की महिनोन्महिने टिकतो, मुख्य आरसा मात्र दर निरीक्षणाआधी तपासायचा.

हत्यारं

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे कोलिमेशन कॅप: फोकसरच्या तोंडात बसणारं, बरोबर मध्यावर दीड-दोन मिमीचं भोक असलेलं झाकण. फोकसरवर आलेल्या प्लॅस्टिकच्या धूळटोपीला मध्यावर भोक पाडूनही ते होतं. ३५ मिमी फिल्मची जुनी डबी सव्वा इंची फोकसरमध्ये छान बसते. तिचा तळ कापून टाका, झाकणाला भोक पाडा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरा कागद किंवा चॉकलेटची चांदी चिकटवा. आतली बाजू उजळ असली तरच आरशातून परत येणाऱ्या प्रतिमेत मधला काळा ठिपका स्पष्ट दिसतो.

पैसे खर्च करायचेच तर पहिले चेशायरवर करा, लेझरवर नाही. चेशायर ही लांब नळी असते. तिला एका टोकाला डोळा लावायचं भोक, मध्ये ४५ अंशांत कापलेला चकचकीत पृष्ठभाग आणि दुसऱ्या टोकाला दोन तारांची फुली असते. तिला ना बॅटरी लागते, ना तिची स्वतःची जुळणी बिघडते. लेझरबद्दल पुढे सांगितलंय.

याशिवाय दुर्बिणीच्या स्क्रूंना बसेल असा स्क्रू ड्रायव्हर किंवा ॲलन की, स्टीलची पट्टी, एक पांढरा आणि एक रंगीत कागद, आणि चिकटपट्टी लागते. ॲलन कीला दोरा बांधून तो मनगटाला अडकवा.

मुख्य आरशाच्या मध्यावर खूण

बाजारातल्या बहुतेक दुर्बिणींच्या आरशावर मध्यभागी छोटी कडी चिकटवलेलीच असते. टॉर्च लावून पाहा. नसेल तर ती लावल्याशिवाय पुढचं काहीच जमणार नाही. आरशाच्या मध्यावर काही चिकटवायला जीव धजत नाही हे खरं, पण तो भाग दुय्यम आरशाच्या सावलीतच असतो. तिथून प्रतिमेला प्रकाश मिळतच नाही.

आरसा त्याच्या बैठकीसह बाहेर काढा. कंपासने आरशाच्या नेमक्या व्यासाचं वर्तुळ कागदावर काढून कापा. दोनदा घडी घाला, घड्या जिथे छेदतात तिथे बारीक भोक पाडा. कागद आरशावर अलगद ठेवा आणि काठ चहूबाजूंनी जुळला की भोकातून बारीक टोकाच्या पर्मनंट मार्करने ठिपका द्या. कागद आरशावर घासत सरकवू नका. उचलून पुन्हा ठेवा. मग फाइलमध्ये लावायच्या कागदाच्या भोकाभोवती चिकटवतात ती गोल कडी ठिपक्याभोवती बसवा. पट्टी काचेला न टेकवता वर धरून दोन-तीन दिशांनी अंतर तपासा. खूण १ मिमी सरकली तर जुळलेला अक्ष अर्धा मिमी सरकतो. एफ/६ ला ते चालून जाईल, एफ/४ ला नाही.

आरसा बाहेर आहेच तर त्याच्या काठावरच्या तीन क्लिपाही पाहून घ्या. त्यांनी आरसा दाबायचा नसतो, फक्त पडू द्यायचा नसतो. क्लिप आणि काच यांच्यामध्ये कागदाची एक पट्टी सहज सरकली पाहिजे. क्लिपा आवळलेल्या असतील तर तारे त्रिकोणी दिसतात आणि ते कोणत्याही कोलिमेशनने बरे होत नाहीत. थोडी धूळ दिसली तर पुसायला जाऊ नका, तिने काही बिघडत नाही.

दुय्यम आरसा: सावकाश, पण एकदाच

हे काम दिवसा, भरपूर उजेडात करा. नळी टेबलावर आडवी ठेवा. उभ्या नळीत काम करताना स्क्रू, ॲलन की किंवा खुद्द दुय्यम आरसा सुटला तर तो थेट मुख्य आरशावर जाऊन आदळतो.

आधी स्पायडर, म्हणजे दुय्यम आरसा तोलून धरणारी पाती. नळीच्या भिंतीपासून मधल्या बोल्टपर्यंतचं अंतर प्रत्येक पात्यावर मोजा. फरक १ मिमीच्या आत असेल तर पुढे चला. जास्त असेल तर नळीबाहेरचे नट एका बाजूचे सैल आणि समोरच्या बाजूचे घट्ट करत मध्य साधा. पाती ताठ हवीत, पण नळीला पोक येईल इतकी ताणलेली नकोत. फोकसर नळीला काटकोनात आहे का, हेही एकदा पाहून ठेवा. कारखान्यातल्या दुर्बिणीत तो सहसा ठीक असतो, घरी बनवलेल्या दुर्बिणीत क्वचितच.

आता दुय्यम आरशाच्या मागे, नळीच्या पुढच्या तोंडातून पाहा. मध्ये एक मोठा बोल्ट आणि त्याभोवती तीन छोटे स्क्रू दिसतील. मधला बोल्ट आरशाला ओढून धरतो आणि तीन स्क्रू त्याला ढकलून कलवतात.

फोकसरच्या समोर, नळीच्या आतल्या भिंतीवर रंगीत कागद चिकटवा. दुय्यम आणि मुख्य आरशाच्या मध्ये नळीत पांढरा कागद आडवा लावा, म्हणजे मुख्य आरशाच्या प्रतिबिंबांचा गोंधळ तात्पुरता झाकला जाईल. फोकसरमध्ये कॅप किंवा चेशायर लावून पाहा. रंगीत पार्श्वभूमीवर दुय्यम आरशाची पांढरी चकती दिसेल. तिच्याकडून तीन अपेक्षा आहेत: ती गोल दिसावी, फोकसरच्या नळीच्या आतल्या कडेशी समकेंद्री असावी आणि तिच्याभोवतीची फट सगळीकडे सारखी असावी.

चकती नळीच्या लांबीच्या दिशेने पुढे-मागे सरकलेली असेल तर तीन छोटे स्क्रू थोडे सैल करा, आरशाची बैठक एका हाताने धरा आणि मधला बोल्ट फिरवा. बहुतेक दुर्बिणींत तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की आरसा पुढच्या तोंडाकडे सरकतो, उलट फिरवला की मुख्य आरशाकडे. बोल्टला अजून आटे शिल्लक आहेत ना, हे अधूनमधून पाहा. चकती आडव्या दिशेने सरकलेली दिसली तर दोष स्पायडरच्या मध्यात आहे, किंवा आरसा स्वतःभोवती फिरलेला आहे.

चकती लांबट दिसत असेल तर आरशाची बैठक आपल्या अक्षाभोवती किंचित फिरवा. एक-दोन अंशांचा फरकही दिसतो. गोल झाली की तिन्ही छोटे स्क्रू बैठकीला टेकेपर्यंतच आवळा.

पांढरा कागद काढा. आता दुय्यम आरशात मुख्य आरसा दिसेल आणि त्याच्या मध्यावरची कडीही. तीन छोट्या स्क्रूंनी दुय्यम आरसा असा कलवा की चेशायरच्या तारांची फुली कडीच्या मध्यावर येईल. कॅप वापरत असाल तर मुख्य आरशाच्या तिन्ही क्लिपा दुय्यम आरशाच्या काठाजवळ सारख्या दिसू लागेपर्यंत. एका वेळी अष्टमांश फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका, आणि एक स्क्रू आवळण्याआधी दुसरा तेवढाच सैल करा. तिन्ही आवळत गेलात तर बैठक ताणली जाते, पाती वाकतात आणि स्क्रूंची टोकं मऊ धातूत खड्डे पाडतात. एकदा खड्डे पडले की स्क्रू दर वेळी घसरून जुन्याच खड्ड्यात जातो आणि बारीक जुळणी अशक्य होते. त्यावर उपाय म्हणून स्क्रू आणि बैठक यांच्यामध्ये मधल्या बोल्टमध्ये ओवलेला एक रुंद स्टीलचा वॉशर घाला.

इथे एक चूक फार होते. आरसा स्वतःभोवती थोडा चुकीचा फिरलेला असतो आणि ती चूक तीन स्क्रूंनी कलवून भरून काढली जाते. कडी फुलीवर येते, सगळं जमल्यासारखं वाटतं, पण चकती लांबट आणि एका कोपऱ्याकडे सरकलेली राहते. असं दिसलं तर स्क्रूंशी झगडू नका. ते पुन्हा सैल करा आणि फिरवण्याच्या पायरीपासून सुरुवात करा. ही पायरी दोन-तीनदा करावी लागणं हे सामान्य आहे.

मध्यावर नसलेली काळी सावली

जुळणी जवळपास पूर्ण झाल्यावर मुख्य आरशाच्या प्रतिबिंबात दुय्यम आरशाची काळी आकृती दिसते, आणि ती मध्यावर नसते. मुख्य आरशाच्या बाजूला झुकलेली असते. हे बरोबर आहे. मुख्य आरशाकडून येणारा प्रकाशाचा शंकू निमुळता होत जातो आणि दुय्यम आरसा त्याला तिरका कापतो. त्यामुळे आरशाची एक बाजू शंकूच्या रुंद भागात आणि दुसरी अरुंद भागात येते. सगळा शंकू सारखा पकडायचा तर आरसा थोडा मुख्य आरशाकडे आणि तेवढाच फोकसरपासून दूर सरकलेला हवा. ही सरक लंबगोल दुय्यम आरशाच्या लहान अक्षाला, म्हणजे त्याच्या रुंदीला, एफ-गुणोत्तराच्या चौपटीने भागल्यावर मिळते. लहान अक्ष ४७ मिमी आणि गुणोत्तर एफ/५.९ असेल तर सुमारे २ मिमी.

चकती फोकसरखाली गोल आणि समकेंद्री आणली की नळीच्या दिशेची सरक आपोआप साधली जाते. फोकसरपासून दूर जाणारी सरक डोळ्याने पाहणाऱ्यांनी सोडून दिली तरी चालते. कॅमेऱ्याने रुंद छायाचित्रं घेणाऱ्यांना एका कोपऱ्यातला अंधार खटकला तर त्यांनी तिकडे लक्ष द्यावं. काळी आकृती मध्यावर आणायच्या हट्टापायी मात्र बऱ्याच चांगल्या जुळण्या मोडलेल्या असतात.

मुख्य आरसा: दर वेळी

आता नळीच्या तळाशी या. ८ इंची डॉब्सोनियनला मागे सहसा तीन मोठ्या स्प्रिंगवाल्या मुठी आणि तीन बारीक लॉक स्क्रू असतात. आधी लॉक स्क्रू सैल करा. ते अडकलेले असताना मुठी फिरवल्या तर आरसा हलत नाही, ताणला मात्र जातो. मुठींवर १, २, ३ असे आकडे चिकटवा.

कॅप किंवा चेशायरमधून पाहिल्यावर कडी दिसेल आणि तिच्या आसपास कुठेतरी भोकाचा काळा ठिपका. हा ठिपका कडीच्या मध्यावर आणायचा. एक जण डोळा लावून सांगतो आणि दुसरा मुठी फिरवतो, असं केलं तर काम पाच मिनिटांत होतं. एकट्याला मागे-पुढे फेऱ्या माराव्या लागतात. आधी १ क्रमांकाची मूठ अष्टमांश फेरा फिरवा आणि ठिपका कोणत्या दिशेने गेला ते पाहा. मग २ क्रमांकाची, मग ३ क्रमांकाची. तीन दिशा एकदा कळल्या की पुढचं सोपं. मूठ शक्यतो आवळण्याकडेच फिरवा. ती पूर्ण आवळली गेली असेल तर उरलेल्या दोन सारख्या सैल करा. आरशाचा कल तोच मिळतो आणि स्प्रिंगवर दाबही राहतो. स्प्रिंग सैल झाली की आरसा नुसता लोंबतो आणि दुर्बीण वळवली की जुळणी जाते.

हात किती हलका हवा, याचा हिशोब करून पाहा. मुठी आरशाच्या मध्यापासून ७५ मिमीवर आणि आट्यांची पिच (एका फेऱ्यात स्क्रू सरकतो ते अंतर) १ मिमी धरली, तर पाव फेऱ्याने आरशाची ती बाजू पाव मिलिमीटर उचलली जाते. आरसा उरलेल्या दोन मुठींना जोडणाऱ्या रेषेभोवती कलतो, त्यामुळे १२०० मिमी अंतरावर अक्ष सुमारे २.७ मिमी सरकतो. एफ/६ च्या निर्दोष वर्तुळाची त्रिज्या २.४ मिमी आहे. म्हणजे बरोबर जुळलेली दुर्बीण एका पाव फेऱ्यात त्या वर्तुळाबाहेर जाते.

आता थांबायचं कुठे. कॅप आणि चेशायर मुख्य आरशाची चूक दुप्पट करून दाखवतात: ठिपका कडीच्या मध्यापासून ३ मिमी बाजूला असेल तर अक्ष प्रत्यक्षात दीड मिमी चुकलेला असतो. फाइलच्या कडीचं आतलं भोक साधारण ६ मिमीचं. म्हणून एफ/६ ला ठिपका भोकात कुठेही असला तरी काम चालतं. ग्रह पाहायचे असतील तर मध्याजवळ आणा. एफ/५ ला तो अगदी मध्यात हवा. एफ/४ ला चेशायरमध्ये नीट निरखून, अर्ध्या-एक मिलिमीटरपर्यंत. एफ/८ वाल्यांनी ठिपका कडीला शिवला की खुशाल थांबावं.

लॉक स्क्रू आवळताना चेशायरमधून नजर काढू नका. एकेक थोडा, आळीपाळीने आवळा. ठिपका सरकू लागला तर तो स्क्रू तिथेच सोडा. लॉक स्क्रू फक्त टेकलेले पुरतात. स्प्रिंग चांगल्या ताकदीच्या असतील तर ते न आवळताही चालतं.

दुय्यम आरशाला हात लावला की मुख्य आरशाची जुळणी बिघडते. मुख्य आरसा हलवल्याने मात्र दुय्यमची जवळजवळ बिघडत नाही. म्हणून क्रम कायम तोच, आणि शेवटचा हात नेहमी मुख्य आरशाला. नळी आता ४५ ते ६० अंशांवर वळवा आणि ठिपका पुन्हा पाहा. आडव्या नळीत जुळवलेला आरसा उभ्या नळीत थोडा बसतो. हा फरक कडीबाहेर जात असेल तर मागच्या स्प्रिंग अशक्त आहेत. हार्डवेअरच्या दुकानातून त्याच लांबीच्या, जाड तारेच्या तीन स्प्रिंग घेऊन बदला.

लेझर वापरणार असाल तर

स्वस्त लेझर कोलिमेटर स्वतःच वाकडे असतात. वापरण्याआधी इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेत, म्हणजे लाकडी ठोकळ्यावर चार खिळे ठोकून केलेल्या पाळण्यात, लेझर ठेवा आणि ५ मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडा. लेझर जागेवर गोल फिरवला की ठिपका वर्तुळ काढतो. व्यास ५ मिमीच्या आत असेल तर लेझर वापरण्याजोगा आहे. जास्त असेल तर त्याच्या अंगावरच्या तीन छोट्या स्क्रूंनी आधी तो जुळवा. हे स्क्रू बऱ्याचदा रबर किंवा सिलिकॉनखाली दडवलेले असतात.

दुय्यम आरसा कलवायला लेझर सोयीचा पडतो: किरण कडीच्या मध्यावर पाडायचा. मुख्य आरशासाठी मात्र किरण परत लेझरच्या भोकात पाडण्यावर विसंबू नका. सव्वा इंची नळी फोकसरमध्ये किंचित डुगडुगते, आणि फोकसरचा स्क्रू आवळताच परतीचा ठिपका मिलिमीटरभर सरकतो. यावर नामी तोड म्हणजे लेझर बार्लो भिंगात (आयपीसचा मोठेपणा वाढवणाऱ्या जोडभिंगात) घालून वापरणं. बार्लोमुळे किरण पसरतो आणि आरशाच्या मध्यभागावर उजेड पडतो. कडीखालून प्रकाश परत येत नसल्यामुळे तिची गोल सावली मागे फिरते. बार्लोच्या पुढच्या तोंडावर मध्ये भोक पाडलेला पांढरा कागद लावला की ही सावली त्यावर दिसते. सावली भोकाभोवती समकेंद्री आणायची. लेझर थोडा वाकडा असला तरी इथे फरक पडत नाही, आणि रात्री अंधारात एकट्याने जुळणी करायची तर यापेक्षा सोपं काही नाही. किरण डोळ्यात जाऊ देऊ नका, परत आलेलाही.

ताऱ्यावरची कसोटी

अंतिम निकाल ताऱ्याकडे. पण दुर्बीण घराबाहेर काढल्या काढल्या ही कसोटी घेऊ नका. ८ इंची आरसा बाहेरच्या तापमानाला यायला पाऊण ते एक तास घेतो. तोवर आरशावरची गरम हवा प्रतिमा खदखदवते आणि तुम्ही निष्कारण स्क्रू फिरवता.

पुस्तकं ध्रुवतारा घ्या म्हणतात, कारण तो जवळपास हलत नाही. पण पुण्यातून तो क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर असतो. तिथे प्रकाशाला डोक्यावरच्या तुलनेत तिप्पट हवेतून यावं लागतं आणि तारा सतत थरथरतो. महाराष्ट्रातून बघताना पन्नास-साठ अंश उंचीवरचा, दुसऱ्या प्रतीचा (म्हणजे ध्रुवताऱ्याइतका तेजस्वी) तारा चांगला. हिवाळ्याच्या सुरुवातीला मेष राशीतला हमल, मार्च ते मे या काळात उत्तरा फाल्गुनी. अगदी डोक्यावरचा घेऊ नका, डॉब्सोनियन तिथे नीट फिरत नाही. दुर्बिणीला ट्रॅकिंग (ताऱ्यामागे आपोआप फिरण्याची सोय) नसेल तर २०० पटीत असा तारा सुमारे मिनिटभरात दृश्य ओलांडतो, तेव्हा तो सतत मध्यावर आणत राहावं लागेल.

आरशाचा व्यास जितके मिलिमीटर, तितक्या पट मोठेपणा घ्या. २०३ मिमीला ६ मिमीचा आयपीस २०० पट देतो. तारा दृश्याच्या बरोबर मध्यावर ठेवा आणि फोकस अगदी किंचित बाहेर काढा, ताऱ्याभोवती प्रकाशाच्या चार-पाच कड्या दिसतील इतकाच. कड्या समकेंद्री असतील तर काम झालं. एका बाजूला दाटलेल्या आणि दुसऱ्या बाजूला पसरलेल्या दिसल्या तर मुख्य आरसा अजून चुकलेला आहे. फोकस फार बाहेर काढून मोठं काळं छिद्र (दुय्यम आरशाची सावली) मध्यावर आहे का ते पाहणं ही ढोबळ तपासणी झाली. बारीक चूक त्यात दिसत नाही.

कोणता स्क्रू फिरवायचा हे ठरवण्याची एक खात्रीची रीत आहे. स्क्रूंना हात न लावता दुर्बीण हलवून तारा दृश्यात वेगवेगळ्या ठिकाणी न्या आणि कड्या सर्वांत सममित कुठे दिसतात ते शोधा. आरशाचा अक्ष तिथे आहे. मग तारा त्या जागेवरून दृश्याच्या मध्याकडे आणि थोडा पलीकडे जाईल अशा बाजूने मुख्य आरशाच्या मुठी फिरवा. पलीकडे अशासाठी की आरसा कलला की अक्ष जितका सरकतो त्याच्या दुप्पट तारा सरकतो. नंतर दुर्बीण हलवून तारा पुन्हा मध्यावर आणा आणि तपासा. दोन-तीन खेपांत जमतं. या टप्प्यावर दुय्यम आरशाला हात लावायचा नाही.

हवा स्थिर नसेल तर कड्याच दिसत नाहीत, तारा नुसता उकळत असतो. अशा रात्री चेशायरच्या जुळणीवर समाधान मानून तेजोमेघ पाहावेत.

तरीही जमत नसेल तर

कड्या समकेंद्री आहेत, पण फोकसच्या आत एका दिशेला लांबट आणि फोकसच्या बाहेर काटकोनात लांबट दिसतात: हा ॲस्टिग्मॅटिझम आहे. आरशाच्या क्लिपा किंवा दुय्यम आरशाची बैठक आवळलेली असण्याची शक्यता सर्वाधिक. आधी चष्मा काढून किंवा डोकं तिरकं करून पाहा. लांबटपणा डोक्याबरोबर फिरला तर दोष डोळ्याचा.

चेशायर काढून पुन्हा लावला की ठिपका दुसरीकडे दिसतो: फोकसर डुगडुगतोय. दर वेळी त्याचा तोच स्क्रू, तेवढाच आवळा आणि साधन फोकसरच्या कडेला नीट टेकवा. फोकसरची नळी आत-बाहेर करताना ठिपका फिरत असेल तर नळीचा ढिलेपणा कमी करणारे स्क्रू फोकसरच्या वर किंवा खाली सापडतील.

कुठल्याच स्क्रूला आटे उरले नाहीत: मुख्य आरशाच्या तिन्ही मुठी पूर्ण आवळा, मग प्रत्येकी दोन फेरे सैल करा आणि दुय्यम आरशाच्या पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरू करा. जवळजवळ नेहमीच दुय्यम आरशाची एखादी मोठी चूक मुख्य आरशाने झाकलेली निघते.

११४ मिमी किंवा १२७ मिमी व्यासाच्या, १००० मिमी नाभीय अंतर लिहिलेल्या, पण नळी जेमतेम अर्धा मीटर असलेल्या दुर्बिणींची गत वेगळी. त्यांच्या फोकसरच्या नळीत आतल्या टोकाला एक सुधारक भिंग बसवलेलं असतं. त्यातून चेशायरमध्ये सगळं विकृत दिसतं आणि लेझरचा किरणही पसरतो. हे भिंग आट्यांवर असेल तर काढून, वरच्या सगळ्या पायऱ्या करून, परत त्याच दिशेने बसवा. काढता येत नसेल तर दुय्यम आरसा अंदाजाने मध्यावर आणून बाकीचं काम थेट ताऱ्यावर करा. काही लहान ७६ मिमीच्या दुर्बिणींना मागे जुळणीचे स्क्रूच नसतात. तिथे दुय्यम आरसा तेवढा पाहायचा. एफ/९ च्या आसपासच्या त्या गुणोत्तराला निर्दोष वर्तुळ १६ मिमीहून मोठं असतं, त्यामुळे फारसं काही हरवत नाही.